वाळूतून परत आलेले

खर्डा, ११ जानेवारी

चि. अमृत,

हा आवाज तुझ्या ओळखीचा नाही, म्हणून आधी तेच सांगते. वाचणारी मुलगी मोनिका. तू आहेस त्या रियाधच्या दवाखान्यात ती नर्स आहे आणि आपल्याच जिल्ह्यातली, श्रीरामपूरची आहे. तुझ्या पासपोर्टवर खर्ड्याचा पत्ता बघून आणि तुझ्या कागदांतून माझा नंबर घेऊन तिने काल मला मेसेज केला. मी आधी तिची उलटतपासणी घेतली. श्रीरामपूरची असशील तर तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव सांग म्हटलं. परका माणूस 'श्रीरामपूर' म्हणेल. तिने 'बेलापूर' लिहिलं आणि खाली लिहिलं, "ताई, पेशंट सिरीयस आहे, परीक्षा नंतर घ्या." तेव्हा माझा विश्वास बसला.

शुक्रवारी शर्यतीत तू वाळूच्या उंचवट्यावरून पलीकडे गेलास आणि पलीकडे जमीन खोल होती, असं तुझ्या गॅरेजच्या करणने पुण्याहून फोन करून सांगितलं. मोटारसायकल तुझ्या अंगावर आली. डोक्याला मार आहे. डॉक्टरांनी औषध देऊन तुला झोपवून ठेवलंय. मोनिका म्हणते, अशा माणसाच्या कानावर घरच्यांचं बोलणं पडत राहावं, काही वेळा उपयोग होतो. म्हणून मी आवाज रेकॉर्ड करायला बसले. चार वेळा बसले. चारही वेळा 'अमृत' एवढं म्हणून पुढे नुसतं नाक ओढल्याचा आवाज. असलं काही ऐकून कोण उठेल? शेवटी कागद घेतला. तू कर्जतच्या वसतिगृहात होतास तेव्हाही आपलं जे काही जमायचं ते पत्रातच जमायचं. पत्राचा फोटो काढून पाठवते, ती ड्युटीतल्या दहा मिनिटांत वाचते.

तीन वर्षं तू माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस. मी घरात आले की तू उठून जायचास. आता मी बोलते आहे आणि तुला उठून जाता येत नाही. याचा मी पुरेपूर फायदा घेणार आहे.

घरच्या गोष्टी तुला नको असतील, तर तुझ्याच विषयाचं बोलते. डकार रॅलीचं. दचकू नकोस. तू बोलणं टाकलंस त्याच महिन्यात मी दोनशे पानी वही आणली आणि या शर्यतीचा पहिल्यापासूनचा इतिहास उतरवायला बसले. शाळा सुटली की शाळेच्याच कॉम्प्युटरवर. शत्रूची माहिती असलेली बरी म्हणून.

तर, १९७७ साल. एक फ्रेंच माणूस दुसऱ्याच कुठल्याशा शर्यतीत मोटारसायकलवरून आफ्रिकेच्या वाळवंटात वाट चुकला. दोन-तीन दिवस एकटा. खायला-प्यायला काही नाही. मेलाच असं सगळे धरून चालले होते, तेवढ्यात विमानातून कुणाला तरी दिसला. आपल्याकडचा कुणी असता तर घरी येऊन देवाला नारळ फोडला असता आणि जन्मात पुन्हा वाळूचं नाव घेतलं नसतं. हा गडी पॅरिसला गेला आणि म्हणाला, तिथे सगळ्यांना घेऊन जायचं. पुढच्याच वर्षी, डिसेंबरच्या सव्वीस तारखेला, पॅरिसहून एकशे ब्याऐंशी गाड्या निघाल्या, दहा हजार किलोमीटरवरच्या डकारला. चौऱ्याहत्तर पोचल्या.

सांगायचं एवढंच की ही शर्यत सुरूच मुळी एका सापडलेल्या माणसापासून झाली. तो उठला, घरी गेला, जेवला, आणि मग त्याला हे खूळ सुचलं. तूही आधी ऊठ. खुळाचं नंतर बघू.

तुझी अक्का


खर्डा, १२ जानेवारी

चि. अमृत,

दादांना सांगितलेलं नाही. मोनिका, दादा म्हणजे आमचे वडील, कानिफनाथ. सारा जन्म कारखान्याला उसाचा ट्रॅक्टर चालवण्यात गेला, मागे दोन ट्रॉल्या लावून. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, आमच्याकडेच असतात. त्यांना वाटतं तू अजून पळतो आहेस. आज सकाळी चहा देताना विचारलंच, "कितवं हाय पोरगं?"

मी म्हटलं, सत्तरावा.

"लई मागं हाय," म्हणाले. मग चहाचा घोट घेऊन, "पण गाडी नीट हाय न्हवं? मंग हाय ते ठीक हाय."

तुझे दाजी म्हणतात सांगून टाक. मी म्हणते शर्यत सतरा तारखेला संपते, तोवर तू उठशील. तोवर सत्तरावा नंबर ठेवते. शाळेत पोरांना मी खोटं बोलू नका म्हणून सांगते आणि घरी येऊन हे करते.

आजचा इतिहास ऐक. तीस वर्षं ही शर्यत आफ्रिकेत झाली. २००८ साली निघायच्या आदल्या दिवशी रद्द झाली. वाटेत अतिरेक्यांचा धोका होता. सगळे गाड्या सजवून, सामान बांधून उभे, आणि घरी जा म्हणाले. पुढच्या वर्षी ती समुद्र ओलांडून दक्षिण अमेरिकेत गेली. अकरा वर्षं तिथे. मग २०२० पासून सौदीत. डकार शहर कुठल्या कुठे राहिलं, पण नाव डकारच. बायकांचं सासरी आडनाव बदलतं, हिचं तीन घरं झाली तरी बदललं नाही. मला तेवढं एक तिचं आवडलं.

तुझ्या गटाबद्दलही मी वाचलंय. ज्यांच्याबरोबर मेकॅनिक नाही, टीम नाही, मदतीला कुणी नाही, ते लोक. एक पेटी न्यायची, त्यात मावेल तेवढी हत्यारं आणि कपडे. दिवसभर गाडी चालवायची आणि मुक्कामावर आपली गाडी आपणच खोलून बसायची. तुझ्या स्वभावाला हाच गट शोभतो. कुणाची मदत घ्यायची म्हटलं की लहानपणापासून तुझ्या पोटात दुखतं.

मोनिका लिहिते, वाचून दाखवताना तू काहीच हालचाल करत नाहीस. ठीक आहे. तुला हे सगळं आधीच माहीत आहे, म्हणून कंटाळला असशील.

तुझी अक्का


खर्डा, १४ जानेवारी

चि. अमृत,

आज संक्रांत. मोनिका, तुलाही तिळगूळ. हा परिच्छेद तुझ्यापुरता आहे, त्याला वाचू नकोस. तुझा काल आलेला निरोप मी तीनदा वाचला. औषध कमी केलं आणि तरीही तो जागा झाला नाही. डॉक्टर म्हणतात, जागा झाला तरी माणसं ओळखेल की नाही, किती आठवेल, अंग हलेल की नाही, आत्ता काहीच सांगता येत नाही. तू 'देवावर भरवसा ठेवा' लिहिलंस. ठेवते. पण मला सांग, तो शांत दिसतो की दुखतंय असा दिसतो? खरं सांग.

आता अमृत, तुझ्यासाठी. १९८२ सालची गोष्ट. इंग्लंडला तेव्हा एक बाई पंतप्रधान होत्या. त्यांचा मुलगा या शर्यतीत मोटार घेऊन उतरला आणि अल्जीरियाच्या वाळवंटात हरवला. सहा दिवस. बाई अशी कडक, मंत्री चळाचळा कापायचे म्हणतात. पण त्या आठवड्यात चार लोकांसमोर रडल्या. दोन-तीन देशांची विमानं आकाशातून शोधत होती. सहाव्या दिवशी रस्त्यापासून पन्नासेक किलोमीटरवर सापडला, गाडीशेजारी बसलेला. धडधाकट.

सहा दिवस, अमृत. तुला आज पाच झाले.

हे वाचताना मला त्या बाईचा हेवा वाटला. तिचा नवरा विमानात बसून तिकडे गेला. माझ्याकडे पासपोर्टसुद्धा नाही. कधी लागेल असं वाटलंच नव्हतं. खर्ड्याहून नगर आणि नगरहून पुणे, एवढाच माझा नकाशा. दाजींनी अर्ज भरला, आता तारखेची वाट बघायची, मग पोलिसांची चौकशी, मग व्हिसा. तू तिथे पडलेला आणि मी इथे दोन रंगीत फोटो आणि आधार कार्डाची झेरॉक्स हातात धरून. असं हात बांधून बसायची मला सवय नाही. आई गेली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि तू नऊ, पण तेव्हासुद्धा करायला काहीतरी होतं. तुझं दप्तर भरायचं होतं, तुला जेवायला घालायचं होतं.

पाच वर्षांपूर्वी बंगळूरचा एक मुलगा याच शर्यतीत असाच पडला होता. त्यालाही रियाधलाच नेला, असाच झोपवून ठेवला. तो उठला. घरी आला. हे मी वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय.

दादांना सत्तरावाच सांगितलं.

तुझी अक्का


खर्डा, १६ जानेवारी

चि. अमृत,

सहा दिवस काल झाले. त्या बाईचा मुलगा सापडला होता. तू नाहीस.

आज इतिहास नको. आज आपलं बोलू. मोनिका, हे वाच, काही गाळू नकोस. तीन वर्षांपूर्वी आमचं काय झालं ते तुलाही कळू दे.

त्या वर्षी तू पहिल्यांदा या शर्यतीला निघणार होतास. सगळं जमलं होतं, फक्त डॉक्टरचा दाखला राहिला होता. मी तुला न सांगता नगरला त्या डॉक्टरांकडे गेले आणि म्हटलं, माझ्या भावाला लहानपणी फिट आली होती, दोनदा. डॉक्टरांनी सहीला उचललेलं पेन खाली ठेवलं. त्या वर्षीची तुझी शर्यत गेली. पुढची दोन वर्षं तू पुण्याच्या दवाखान्यांत डोक्याच्या तपासण्या करत फिरलास, तुला काही झालेलं नाही हे सिद्ध करायला.

डॉक्टरांकडे कोण गेलं होतं हे तुला करणकडून कळलं. तू अंगणात उभा राहून म्हणालास, "अक्का, तू माझी आई नाहीस." मी म्हटलं, मी खरं तेच सांगितलं. तू म्हणालास, "खरं सांगून कुणी एवढं वाईट वागू शकतं हे मला माहीत नव्हतं." ते तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं.

आता ऐक. मी खरं सांगितलं नव्हतं. तुला दोनदा फिट आली ती तापात. एकशे चार ताप होता आणि तू सहा वर्षांचा होतास. जामखेडचे डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, लहान मुलांना तापात होतं असं, मोठेपणी काही राहत नाही. हे मी नगरच्या डॉक्टरांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, "ताप होता का?" मी म्हटलं, आठवत नाही. मला सगळं आठवत होतं. तुझ्या कपाळावर मीठ-पाण्याच्या पट्ट्या मीच ठेवत होते.

मला भीती वाटली. यापलीकडे माझ्याकडे कारण नाही. तुझ्यासाठी केलं असं मी तीन वर्षं सगळ्यांना सांगत आले, आणि केलं ते माझ्यासाठी. तू मेलास तर मला सहन होणार नाही म्हणून तुझी दोन वर्षं मी खाल्ली.

तू ऐकतोस की नाही मला कळत नाही. ऐकत असशील तर रागाव. पण काहीतरी कर.

अक्का


खर्डा, १८ जानेवारी

चि. अमृत,

शर्यत काल संपली. जिंकणारे जिंकले. मी दिवसभर ठरवत होते दादांना काय सांगायचं. संध्याकाळी त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, दादा, शर्यत संपली.

"व्हय," म्हणाले. "आन् सत्तरावंच आलं असंल?"

मी उठायला लागले.

"सविता, मी चाळीस वरीस रस्त्यावर काडली. कारखान्याच्या रांगंत हुबी ऱ्हायलेली गाडीबी दिसाला चार-दोन नंबर पुडं सरकती. तुजं पोरगं रोज सत्तर. ना पुडं, ना मागं. मला तिसऱ्या दिशी कळलं, ते चालत न्हाई म्हनून."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत? तर म्हणाले, "तू तेवडं सांगून दोन घास खात हुतीस. म्हटलं खाऊ दे."

मग त्यांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. उठले, आणि परड्यात त्यांचा जुना ट्रॅक्टर पत्र्याखाली उभा आहे ना, त्याच्या सीटवर जाऊन बसले. अंधार पडेपर्यंत बसून होते. दाजी बोलवायला गेले तेव्हा म्हणाले, "हितं बसून मीच शिकिवलं त्याला. मांडीवर घिऊन. पाय पुरत न्हवते त्याचे."

म्हणजे मी एकटी नाही, अमृत. इथे जो तो आपापली चूक धरून बसला आहे आणि तुझ्यासाठी कुणालाच काही करता येत नाही.

अक्का


खर्डा, १९ जानेवारी

चि. अमृत,

मोनिकाने काल एक प्रश्न विचारला. "ताई, तुमच्या गोष्टीत हरवलेली सगळी माणसं सापडतात. या शर्यतीत कुणी मरत नाही का?"

मी रात्रभर त्या प्रश्नावर पडून होते. ती विचारणारच. आणि तुला तर विचारायचीही गरज नाही. तुला या शर्यतीचं साल न् साल तोंडपाठ आहे. मी इकडून एकेक सापडलेला माणूस निवडून पाठवते आहे आणि तू तिथे पडल्या पडल्या मी कोणाकोणाला गाळलं ते मोजत असशील. अक्का पुन्हा अर्धंच सांगते आहे, पुन्हा डॉक्टरांसमोर बसली आहे तशीच.

तर ऐक. माझ्या वहीत लाल शाईची पानं आहेत, निळ्यापेक्षा जास्त. पहिल्याच वर्षी एक मोटारसायकलवाला हेल्मेटचा पट्टा नीट करायला गेला आणि पडला, तो उठलाच नाही. वाळवंटात हरवून सापडलेला तो फ्रेंच माणूस, ज्याने हे सगळं सुरू केलं, त्याची गोष्ट मी तुला अर्धीच सांगितली. तो १९८६ साली याच शर्यतीत हेलिकॉप्टर पडून गेला. वाळूच्या वादळात. ज्या वाळूने त्याला एकदा सोडला होता तिच्याकडेच तो दरवर्षी परत जात राहिला. त्यानंतरची नावं मी लिहीत नाही. पन्नासच्या वर माणसं आहेत. त्यांत शर्यत बघायला रस्त्याकडेला उभी राहिलेली लहान मुलंही आहेत.

आता शेवटचं लाल पान. हे इतिहासात नाही, माझ्याकडेच आहे. मोनिका, थांबावंसं वाटलं तर थांब, पण वाच.

डिसेंबरात शाळेत बचत गटाच्या बायकांचा मेळावा झाला. त्यांच्यासमोर मी मोबाईलवरच्या फसवणुकीचं भाषण केलं. अनोळखी परदेशी नंबर आला की उचलायचा नाही, कट करायचा, पुन्हा आला तर ब्लॉक करायचा. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मला फार बरं वाटलं.

त्या शुक्रवारी दुपारी मी चौथीच्या वर्गावर होते. मधल्या सुट्टीत तुझे आकडे बघून आले होते. एकेका ठाण्यावरून तू पुढे गेलास की तुझ्या नावापुढे वेळ उमटते, तशा चार उमटल्या होत्या. दोन वाजायच्या सुमाराला फोन वाजला. लांबलचक परदेशी नंबर. मी कट केला. पुन्हा वाजला, पुन्हा कट केला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी फोन उंच धरून पोरांना दाखवला. म्हटलं, बघा, हे असे फसवणारे लोक असतात, आणि त्यांचं असं करायचं. त्यांच्यासमोर मी तो नंबर ब्लॉक केला.

करणने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. तू पडल्यावर लगेच बेशुद्ध झाला नव्हतास. मागून येणारा एक स्पॅनिश रायडर तुझ्यासाठी थांबला, मग हेलिकॉप्टरमधून डॉक्टर उतरले. वीसेक मिनिटं तू शुद्धीवर होतास. अडचणीला कुणाला कळवायचं त्या रकान्यात तू माझा नंबर लिहिला होतास, पण कागद बघायची वेळच आली नाही, तू तो त्यांना तोंडपाठ सांगितलास. तीन वर्षांत एकदाही न लावलेला नंबर. त्यांनी सॅटेलाइट फोनवरून तीनदा लावला. तिसऱ्यांदा कट झाल्यावर तू काहीतरी बोललास. लांब वाक्य होतं, तो स्पॅनिश मुलगा म्हणाला. मराठीत असणार. तिथे कुणालाच कळलं नाही. त्यानंतर तू डोळे मिटलेस.

काय बोललास, अमृत? शिवी दिली असशील तर ती मला हवी आहे. पाणी मागितलं असशील, आईला हाक मारली असशील, काहीही. ते वाक्य माझं होतं. मी ते माझ्या हाताने बंद केलं, तीस पोरांसमोर.

क्षमा मागत नाही. झोपलेल्या माणसाकडून क्षमा घेणं ही फसवणूकच. तुला हे सगळं कळलं पाहिजे एवढ्यासाठी लिहिलं. यानंतर माझ्याकडे गाळलेलं काही नाही.

अक्का


खर्डा, २० जानेवारी

मोनिका,

हे तुलाच. तुझा निरोप मिळाला. तू सगळं पत्र वाचलंस आणि मधे बाहेर जाऊन रडून आलीस. मी तुला हे ओझं द्यायला नको होतं. तू माझ्या मुलीच्या वयाची आहेस आणि माझी कुणीच नाहीस.

तू लिहितेस, त्याची बोटं हलली, पण तशी आपोआपही हलतात, डॉक्टर ते मोजत नाहीत. मग मीही मोजत नाही. परवा पासपोर्टची तारीख आहे. त्यानंतरही किती आठवडे, कुणी सांगत नाही. तोवर त्याच्या पायाचे तळवे गार पडले तर घासून दे. लहानपणापासून थंडीत त्याचे तळवे गार पडतात. दवाखान्यात एसी असेल.

सविताताई


खर्डा, २४ जानेवारी

चि. अमृत,

आज दुपारी मोनिकाचा फोन आला. मी तव्यावर भाकरी टाकली होती, ती तशीच राहिली.

म्हणाली, "ताई, काल त्याने डोळे उघडले. तुम्हाला सांगितलं नाही, डॉक्टर म्हणाले नुसते डोळे उघडण्याला अर्थ नसतो, थांबा." म्हणाली, आज सकाळी डॉक्टरांनी विचारलं नाव काय, तर तुझ्याकडून उत्तर नाही. बोट धर म्हटलं, तर धरलं नाहीस. भिंतीकडे बघावं तसं त्यांच्याकडे बघत होतास. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि ते पुढच्या पेशंटकडे गेले.

मग ती रडायला लागली. मला वाटलं आता ही काय सांगते. दादा बाजूला उभे होते, त्यांनी माझ्या खांद्याला धरलं.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका. डॉक्टर गेल्यावर मी माझ्या मोबाईलवर तुमच्या नंबरावरचा फोटो उघडला, शाळेतला, आणि त्याच्या समोर धरला. म्हटलं, अक्का आहे, तिला फोन लावू का? त्याने फोटो बघितला. लई वेळ बघितला, ताई. मी पुन्हा विचारलं, लावू का अक्काला? तर त्याने तोंड फिरवलं. मी दुसऱ्या बाजूला जाऊन धरला तर डोळे मिटून घेतले. माफ करा ताई, मी विचारायलाच नको होतं."

ती मला समजावत होती आणि मी तिला प्रश्न विचारत होते. तोंड फिरवलं म्हणजे मान फिरली? किती? कोणत्या बाजूला? आपोआप फिरली असेल का? "नाही ताई," म्हणाली, "रागाने फिरवली. मला कळतं ना. माझा भाऊ पण असाच आहे." मी म्हटलं, तू आधी रडणं थांबव आणि जाऊन डॉक्टरांना बोलाव. त्यांना सांग, त्याने माणूस ओळखलं. नाव विचारू नका म्हणावं, त्याला माझा फोटो दाखवा.

दादांनी विचारलं, "काय म्हनती?" मी सांगितलं, अमृतने माझा फोटो बघून तोंड फिरवलं. दादा खाली बसले. म्हणाले, "मंग हाय त्यो. समदा हाय."

फोन पुन्हा तासाभराने आला. डॉक्टरांनी येऊन स्वतः बघितलं, म्हणाली. तू पुन्हा फिरवलंस. ते हसले आणि त्यांनी मघाचा कागद बदलून लिहिला.

तेव्हा अमृत, आता मोनिका हे वाचते आहे आणि तू ऐकतो आहेस, हे मला पक्कं माहीत आहे. माझ्याशी बोलू नकोस. तुला सगळं आठवतंय, अंगण आठवतंय, नगरचे डॉक्टर आठवतायत, तो फोन आठवतोय, आणि हे सगळं आठवत असताना तू माझ्याशी बोलावंस असं मला वाटतच नाही. वर्षभर नको बोलूस. मी येईन तेव्हाही नको बोलूस, मी खुर्ची घेऊन बसून राहीन.

फक्त एक कर. उद्या डॉक्टर आले की मोनिका पुन्हा फोटो धरेल. आज दोन्ही वेळा तू उजवीकडे फिरवलंस. त्यांना तुझी डावी बाजू हलते की नाही याची काळजी आहे. उद्या जमलं तर डावीकडे फिरव.

अक्का